दारू बंद होणं वेगळं, दारू सुटणं वेगळं

आमच्याकडे दारू सोडवायची म्हटलं की अख्खं घर एकाच कामाला लागतं, बाटली बंद करायच्या. कोणी पंढरीची माळ घालायला लावतं, कोणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतं, कोणी कुठून तरी पावडर आणून वरणात कालवतं, कोणी चार पोट्टे बोलावून माणसाला गाडीत घालतं आणि व्यसनमुक्ती सेंटरमध्ये नेऊन टाकतं. आणि बाटली बंद होते पण. आठ दिवस, महिना, कधी तीन महिने. मग कोणाच्या तरी हळदीला नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला ग्लास होतो आणि सगळे म्हणतात, गेला बापा, याचं काही होत नाही.

नागपूरपासून तास-दीड तासावरच्या तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण काउंटरमागे उभं राहून हा प्रकार इतक्या घरांत होताना पाहिलाय की आता लिहूनच टाकावं म्हटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की दारू बंद करणं हे आठवडा-दीड आठवड्याचं काम आहे, धोक्याचं आहे आणि ते डॉक्टरच्या देखरेखीत करायचं असतं. दारू सुटणं हे वर्ष-दोन वर्षांचं काम आहे आणि ते गावात राहूनच करावं लागतं. आपण बरोबर उलटं करतो, धोक्याचं काम घरी करतो आणि लांबचं काम कोणी करतच नाही.

शपथ घेतो ना, मग पितो काहून?

रोज संध्याकाळी पिणारा माणूस सकाळी कान पकडतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. घरच्यांना वाटतं नाटक करतो. पण चांगलं जेवण, कोणी केलेलं कौतुक, जिंकलेला पत्त्यांचा डाव, अशा गोष्टींनी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन थोडं वाढतं आणि मेंदू लक्षात ठेवतो की हे परत करायचं. दारू, गांजा, एमडी नावाचं ड्रग, हेच काम नैसर्गिक गोष्टींपेक्षा कितीतरी जोरात करतात. वर्षानुवर्षं असं चाललं की साध्या गोष्टींची मजा फिकी पडते आणि नशेची आठवण मात्र जागेसकट, वेळेसकट, माणसांसकट पक्की बसते. म्हणून पगाराचा मेसेज आला, भट्टीकडचा फाटा दिसला, ठराविक दोस्ताची गाडी दारात वाजली की तलफ उठते, आणि ती विचाराच्या आधी उठते. कान पकडणारा माणूस खरा असतो आणि सात वाजता फाट्याकडे वळणारा माणूसही तोच असतो, त्याला स्वतःलाच हे समजत नाही तर बायकोला काय समजणार.

दुसरी भानगड सवयीची. दारू मेंदूला सुस्त करते. रोजच सुस्त करणारं काही येतंय म्हटल्यावर मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो, म्हणजे आतल्या आत रस्सीखेच सुरू होते. आधी नाइन्टीत चढायची त्याला आता पव्वाही पुरत नाही, आणि दोस्त कौतुकाने म्हणतात याला चढतच नाही राजे हो. न चढणं हे आजाराचं लक्षण आहे. आता एके दिवशी दारूच्या बाजूने दोर एकदम सोडून दिला तर समोर जोर लावणारा धाडकन पडणारच. थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं, फिट येणं, हे सगळं ते पडणं आहे.

पिणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागत नाही हेही खरं. दारूच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असं अभ्यास सांगतात, बाकी निम्म्यात किती लहानपणी सुरू केली, आधीपासून डिप्रेशन किंवा भीतीचा आजार आहे का, दारू किती सहज मिळते, असं सगळं येतं. म्हणून 'मी पण पितो, मला नाही लागली, त्याला कशी लागली' ह्या बोलण्याला काही अर्थ नाही. तुझं नशीब चांगलं, बस.

आणि बियर म्हणजे दारू नाही असं म्हणणारे तर दर चौकात सापडतात, त्यांच्यासाठी थोडा हिशोब. आपल्याकडे एक युनिट म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. व्हिस्की-रमचा १८० मिलीचा पव्वा म्हणजे सहा युनिट. ६५० मिलीची, आठ टक्केवाली स्ट्रॉंग बियरची बाटली म्हणजे चार युनिट. रोज दोन स्ट्रॉंग मारणारा रोज पव्व्यापेक्षा जास्तच पितो, फक्त लघवीला जास्त जातो.

व्यसन आहे की नुसतं पिणं आहे हे ओळखायला डॉक्टर लोक कित्येक वर्षांपासून चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला पाहिजे असं कधी वाटलं का? पिण्यावरून कोणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला किंवा डोकं ठिकाणावर आणायला प्यावी लागते का? दोन 'हो' आले तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली समजायचं. चौथ्याचं एकच 'हो' आलं तरी मी तर म्हणतो उद्याच निघा, कारण सकाळी लागते म्हणजे शरीर दारूवर चालायला लागलेलं आहे आणि अशा माणसाची दारू घरी एकदम बंद करायची नसते.

पहिले चार दिवस

हा भाग नीट वाचा, जीव इथे जातात.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप येत नाही. हे सगळ्यांना दिसतं आणि घरचे म्हणतात होईल दोन दिवसांत ठीक. बऱ्याच जणांचं होतंही. पण काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि काहींना साधारण दोन ते चार दिवसांच्या मधे डेलिरियम होतो, म्हणजे माणूस जागा असतो पण कुठे आहे, कोण समोर आहे हे कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, बीपी वाढतं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

आमच्या गावातला एक ट्रॅक्टर मेकॅनिक, पोरीच्या साक्षगंधाला पिऊन उभं राहायचं नाही म्हणून चार दिवस आधी स्वतःहून बंद केली. कौतुकच करायला पाहिजे ना. तिसऱ्या रात्री तो पलंगावर उठून बसला आणि चादरीवरून मुंग्या वेचायला लागला, एकेक चिमटीत धरून खाली टाकतोय, चादर स्वच्छ. मग हवेतच नट आवळायला लागला, अंगठा आणि दोन बोटं फिरवत, आणि बायकोला म्हणतो बारा-तेराचा पाना दे, तेल गळून राहिलंय. रोजचं काम करतोय असं वाटणं हे ह्या अवस्थेत नेहमीचं आहे, डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. घरच्यांना नव्हतं माहीत. त्यांनी ठरवलं बाहेरचं झालं, भगताला बोलावलं, लिंबू उतरवले, पहाट झाली. सकाळी त्याला फिट आली तेव्हा १०८ ला फोन गेला. नागपूरला नेला, आठ-नऊ दिवस ठेवला, वाचला. साक्षगंध झालं, तो नव्हता.

दवाखान्यात करतात काय? ज्या जागी दारू काम करायची साधारण त्याच जागी काम करणारं औषध देतात, क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, आणि ते रोज थोडं थोडं कमी करत पाच-सात-दहा दिवसांत बंद करतात. म्हणजे दोर हळूहळू सोडतात. ह्या गोळ्या स्वतः आणून देऊ नका, त्यांचंही व्यसन लागतं आणि वरून दारू प्यायली तर श्वास बंद पडू शकतो. सोबत थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ फार कमी राहतं आणि ते नसताना नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमचा मार बसू शकतो, डोळे तिरळे होतात, तोल जातो, नवीन काही लक्षात राहत नाही. आपल्याकडे पिऊन पडलेल्या माणसाला 'एक सलाईन लावून द्या डॉक्टर, ताकद येईल' म्हणायची पद्धत आहे. म्हणाल तर आधी हे सांगा की हा रोज पितो, किती पितो आणि शेवटची कधी प्यायला. डॉक्टरला हे तीन कळले की पुढचं त्याला कळतं, पण घरचे लाजेने तेच लपवतात.

म्हणूनच 'दुकानं बंद करा, आपोआप सुटेल' हे अर्धंच खरं आहे. आपल्या विदर्भाला दारूबंदीचा अनुभव भरपूर आहे, बाजूचा वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून कित्येक वर्षांपासून कोरडा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपूरला २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. दारू जवळ नसली की नवीन पोट्टे कमी लागतात, बायकांना थोडा श्वास मिळतो, याच्या मी बाजूनेच आहे. पण ज्याचं शरीर आधीच अडकलंय त्याच्यासाठी बंदी हा उपचार नाही. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि सात जण गेले. हौस म्हणून कोणी सॅनिटायझर पीत नाही.

वरणातली पावडर

दुकानात सगळ्यात जास्त विचारलं जाणारं हेच. बाई गर्दी कमी व्हायची वाट बघते, मग हळूच म्हणते, त्यांना न सांगता द्यायचं औषध आहे का. मला तिचा राग येत नाही, दुसरा रस्ता कोणी दाखवलेलाच नसतो. पण देत नाही.

कारण असं की दारूवर रिॲक्शन आणणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम उतरतं, हार्टचा त्रास असलेला माणूस मरू शकतो. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे तिचा असर राहतो. डॉक्टर हे औषध पेशंटला सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच, तपासण्या करून देतात, आणि त्याचं बळ हेच असतं की मी गोळी घेतली आहे, आता प्यायलो तर काय होईल मला माहीत आहे. चोरून दिली तर हे बळच नाही, उरली फक्त रिॲक्शन. जाहिरातीतल्या बिननावाच्या पावडरीत काय असतं हे तर विकणाराही सांगत नाही.

तलफ कमी करणारी दुसरी औषधं आहेत आणि ती फार कमी लोकांना माहीत आहेत. नाल्ट्रेक्सोन प्यायल्यावर येणारी मजा कमी करतं, अकॅम्प्रोसेट दारू बंद झाल्यावरची आतली बेचैनी शांत करायला मदत करतं पण किडनी बघून द्यावं लागतं, लिव्हर खराब झालेल्यांना काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात. जादू यात नाही, सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, पण सहा महिने-वर्षभर घेतली तर सावरायची शक्यता वाढते. आमच्याकडे पेशंट पंधरा दिवसांच्या गोळ्या नेतो, बरं वाटलं की बंद. तिसऱ्या महिन्यात ही चिठ्ठी घेऊन परत येणारे मला बोटावर मोजता येतील.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात निघालं की दारूच्या व्यसनात पूर्ण अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. बाकीचे सगळे आपल्या वरणात काय पडलंय ते खात आहेत म्हणा.

जायचं कुठे

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि व्यसनाचे पेशंट तिथेच बघतात. खर्च खाजगीच्या मानाने काहीच नाही, वेळ जातो, सकाळी लवकर निघा, पहिली एसटी धरली तर बरं. प्रादेशिक मनोरुग्णालय पण आहे, पण तिथे जायचं म्हटलं की लोक अडतात, कारण त्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौक म्हणतात आणि गावातला कोणी ऑटोत दिसला तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे खबर. अशांना मी सांगतो, मेडिकलला जा, तिथे दात दाखवायलाही लोक जातात, कोणाला काय कळतं. काही ग्रामीण रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठराविक दिवशी येतात, तो दिवस आधी विचारून घ्या.

आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीच वेगळा नंबर १४४४६. पेशंट तयार नसेल तर घरच्यांनी एकट्याने फोन करायला किंवा ओपीडीत जायला काही हरकत नाही, निम्म्या घरांत सुरुवात तशीच होते.

खाजगी सेंटरबद्दल जपून. चांगली आहेत, मन लावून काम करणारी आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं आणि महाराष्ट्रात व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलायची पद्धत रुजवण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे. पण गल्लीबोळात अशीही निघालीत की जिथे तीन महिन्यांचे पैसे आधी घेतात, आल्या आल्या टक्कल करतात, खोलीत कोंडतात, भांडी घासायला लावतात, मारतात सुद्धा, आणि डॉक्टर महिन्यातून एकदा सही करायला येतो. माझ्या नात्यातला एक जण अशा ठिकाणाहून आला तो आठ दिवस जेवताना दरवाजाकडे बघत होता, आणि नवव्या दिवशी प्यायला.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, जो २०१८ पासून लागू आहे, त्यात दारू-ड्रग्जमुळे झालेल्या मानसिक तक्रारी पण येतात. साखळीने बांधणं, जबरदस्तीने टक्कल करणं, मनाविरुद्ध काम करून घेणं, हे त्या कायद्याने चालत नाही. मनाविरुद्ध भरती करता येते, पण माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकणार नाही अशा अवस्थेत असला पाहिजे, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलं पाहिजे, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस. चार पोट्टे आणि एक गाडी ही काही कायद्याची प्रोसिजर नाही. सेंटर बघायला जाल तेव्हा विचारा की रजिस्ट्रेशन दाखवा, मानसोपचार डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर काय करता, घरच्यांना भेटू कधी देता, आणि घरी पाठवल्यावर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाला जिथे उत्तर नाही तिथे पैसे भरू नका.

दारूशिवायचं बाकी

आता फक्त दारूच राहिली नाही. गांजा आपल्याकडे जुनाच, लोक त्याला हलकं समजतात, पण पंधरा-सोळाव्या वर्षापासून ओढणाऱ्या पोरांमध्ये वेड लागल्यासारखा, संशय येणारा आजार होण्याचा धोका वाढतो, आणि घरात कोणाला तसा आजार असेल तर फारच. एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात आलं, नागपुरात पकडल्याच्या बातम्या पेपरात येतच असतात. ते सुस्त करत नाही, उलट जागवतं, दोन-दोन रात्री झोप नाही, भूक नाही, आणि उतरलं की माणूस काळाकुट्ट निराश होतो, त्या दिवसांत आत्महत्येचं भ्या असतं म्हणून एकटं सोडायचं नाही. एमडीवर दारूसारखं ठरलेलं औषध नाही, समुपदेशन आणि लक्ष हाच मुख्य उपचार.

ब्राउन शुगर किंवा तसल्या अफूवर्गीय नशेत एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवावी अशी आहे. महिना-दोन महिने बंद ठेवून परत घेणारा जर जुनाच डोस घेईल तर मरतो, कारण शरीराची सवय उतरलेली असते. सेंटरमधून सुटल्यावरचे पहिले आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे. ह्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी रोज घ्यायची औषधं सरकारी केंद्रांवर मिळतात, लोक म्हणतात एक नशा सोडवून दुसरी दिली, पण ती घेणारा कामावर जातो, सुई टोचत नाही, मरायचं प्रमाण कमी होतं. अजून काय पाहिजे?

बटन म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं औषध, ह्यासाठी पोट्टे माझ्याच दुकानात येतात, चिठ्ठी नसते, डोळे वर करून बोलत नाहीत. गोळ्यांची सवय असलेल्याने पण एकदम बंद करायचं नाही, फिट येते. स्टेशनजवळची पोरं व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगतात, त्यात हृदयाचे ठोके बिघडून जागेवर मरण येऊ शकतं. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, त्याला तर आपण व्यसनच मानत नाही, पन्नीत घोटून घोटून दिवसाला पाच-सहा, नुसती सुपारी सुद्धा कॅन्सर करते, आणि तोंड उघडणं दोन बोटांवर आलं की मग दंतवाला आठवतो. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ वर फोन लावता येतो.

पोलिसांच्या भीतीने कोणी उपचार टाळत असेल तर, १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. धंदा करणाऱ्याला हे लागू नाही.

घरी आल्यावर

आता लांबचं काम. माणूस दहा दिवसांनी किंवा महिन्याने एसटीतून उतरतो, आणि लहान गावात स्टँडवरून घरापर्यंत तेच पानठेले, तीच देशीची खिडकी, तेच दोस्त. मोठ्या शहरात एरिया बदलता येतो, इथे एरियाच एक आहे. चौकात पहिलाच माणूस विचारतो, काय मग, आला का सुधरून? ह्या एका वाक्याने जेवढे लोक परत प्यायले असतील तेवढे टेन्शनने पण प्यायले नसतील. दोस्त म्हणतात आज फक्त बस, पिऊ नको, बस फक्त. त्यात नेमकी हळद. आमच्याकडे हळदीला नवरदेवापेक्षा पार्टीची तयारी जास्त असते हे काय सांगायला पाहिजे.

पहिलं वर्ष अशा ठिकाणी जायचंच नाही, आहेर पाठवून द्यायचा, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. जावंच लागलं तर जेवून यायचं, बायको किंवा भाऊ सोबत आणि गाडीची चावी त्यांच्याकडे. तलफ उठते तेव्हा वाटतं ही आता थांबणारच नाही, पण साधारण पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास धरला तर ती उतरते. तेवढा वेळ कोणाला तरी फोन, आंघोळ, पोटभर खाणं, काहीही. रिकामं पोट, राग, एकटेपणा आणि थकवा ह्या चारांत तलफ जास्त जोर करते, म्हणून संध्याकाळी सहालाच खायला घालणाऱ्या बायका मला शहाण्या वाटतात. पगाराच्या दिवशी पैसे कोणाच्या खात्यात जातील हे त्याच्याशी बोलून, त्याच्या मर्जीने ठरवायचं, हिसकावून नाही.

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात हा तोटा आहे तसा फायदाही करून घेता येतो. दोन माणसं निवडायची, एक कामावरचा आणि एक चौकातला, आणि त्याने स्वतः त्यांना सांगायचं की मी सोडली आहे, मला तिकडे वळताना पाहिलं तर हाक मार. तो मेकॅनिक सांगितला ना, त्याच्या गॅरेजसमोरचा चहावाला हे काम करतो, सात वाजले की मोठ्याने ओरडतो, भाऊ चहा झाला. कोणाला काही कळत नाही, ह्याला कळतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलेली, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, नागपुरात मिटिंगा होतात. ज्याच्या गावात मिटिंग नाही त्याने आठवड्यातून एकदा एसटी करावी, तिकिटाचे पैसे पव्व्यापेक्षा कमीच आहेत. देवाचं नाव येतं म्हणून काही जणांना जमत नाही, त्यांनी ओपीडीतलं समुपदेशन धरावं. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. बायकांनी हे नक्की करावं, कारण नवरा पितो याचं खापर सासरी तिच्याच डोक्यावर फुटतं. तिच्यामुळे तो पीत नाही आणि तिच्या रडण्याने सोडणारही नाही. त्याच्या साहेबाला 'ताप आहे' म्हणून फोन करणं, त्याची उधारी फेडणं, हे बंद करायला तिला कोणीतरी बळ द्यावं लागतं. आणि मारहाण होत असेल तर उपचार-बिपचार नंतर, आधी ती आणि लेकरं सुरक्षित जागी, पोलिसांचा ११२ किंवा महिला हेल्पलाइनचा १८१ लावायचा.

आणि घरच्यांनो, रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं थांबवा. डॉक्टरच्या तारखा पाळतो का, गोळी समोर घेतो का, झोपतो का, एवढं बघा.

तरीही प्यायला तर? व्यसनाच्या उपचारानंतर परत सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास धरतात, बीपी आणि दम्याचे पेशंट औषध सोडून परत आजारी पडतात त्याच्याच जवळपास. म्हणून त्या रात्री भांडण नको, झोपू द्या, कुशीवर झोपवा म्हणजे उलटी झाली तर गुदमरणार नाही, उठवून उठत नसेल, श्वास घुरघुर किंवा थांबून थांबून येत असेल तर १०८. सकाळी दोघं मिळून कागदावर लिहा, कुठे, कोणासोबत, किती वाजता, त्याआधी काय झालं, आणि तोच कागद घेऊन त्याच आठवड्यात त्याच डॉक्टरकडे जा, नवीन सेंटर शोधत बसू नका. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर आठवड्याची वाट बघायची नाही, तेव्हाच दवाखाना. एक-दोन वेळाच झालं असेल तर बहुतेक वेळा औषध बदलून, तारखा जवळच्या देऊन भागतं. पण पाच-सात दिवस रोज झाली असेल तर परत घरीच बंद करायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या चार दिवसांचं सगळं पुन्हा लागू होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते आधीपेक्षा जोरात येतं. जुनी चिठ्ठी, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि शेवटची कधी प्यायला ती वेळ, एवढं सोबत घेऊन निघा.